आयझेनहॉवर यांचे हृदय

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे सुट्टीवर होते. २३ तारखेला ते गोल्फ खेळले. दुपारी त्यांनी कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला. पोट बिघडल्यासारखे वाटू लागले, तेव्हा दोष कांद्यावर गेला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. त्यांचे डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांनी मॉर्फिनचे इंजेक्शन दिले. बाहेर मात्र अपचन झाल्याचे कळवले गेले. ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता.

आयझेनहॉवर तेव्हा ६४ वर्षांचे होते. नॉर्मंडीवरील चढाईचे हे सेनापती अनेक वर्षे दिवसाला चार पाकिटे सिगारेट ओढत. १९४९ मध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी ती एकदम सोडली. रक्तदाब मात्र वाढलेला असे, स्वभाव तापट होता आणि स्वतः भाजलेल्या स्टेकची आवड होती.

बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावले गेले. झटका म्हणजे काय, हे त्यांनी पत्रकारांना सोप्या भाषेत समजावले. अशा रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवर पडून ठेवण्याचा तो काळ होता. व्हाइट यांनी मात्र अध्यक्षांना लवकर खुर्चीत बसवले, हळूहळू चालवले. १९५६ ची निवडणूक ते पुन्हा जिंकले आणि डिसेंबर १९५९ मध्ये भारतातही येऊन गेले.

झटक्यानंतर त्यांनी सैनिकी शिस्तीने पथ्य पाळले. लोणी, चरबी कमी केली, वजन आटोक्यात ठेवले. तरी कोलेस्टेरॉल वाढतच गेले. आकडा ऐकून ते अस्वस्थ होत, म्हणून स्नायडर तो कमी करून सांगत. यात अध्यक्षांची चूक नव्हती. आपल्या शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. लोणी, तूप, साय, मटणाची चरबी यांतील संपृक्त स्निग्धांश कमी केल्याने रक्तातील घातक एलडीएल उतरते, पण किती उतरेल हे माणसागणिक बदलते. पथ्य पुरेसे नसेल तेव्हा आज आपल्याकडे स्टॅटिन गोळ्या आहेत. त्यातली पहिली अमेरिकेत आली ती १९८७ मध्ये.

पुढे त्यांना आणखी झटके आले आणि २८ मार्च १९६९ रोजी, ७८ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन ते गेले.

या आयुष्यात मला जागोजागी उशीर दिसतो. सिगारेट सुटली साठीच्या उंबरठ्यावर, पथ्य सुरू झाले झटक्यानंतर आणि ईसीजी निघाला कित्येक तासांनी. रोहिणीत चरबीचे थर विशी-तिशीपासूनच साचू लागतात. म्हणून तंबाखू आजच सोडा. तिशीच्या आत एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर नक्कीच तपासा.

आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर गॅस झालाय म्हणून सोडा-लिंबू घेत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. अध्यक्षांच्या उशाशी डॉक्टर होता, तरी तास वाया गेले. आपल्या उशाशी तर तोही नसतो.