विश्लेषण : प्राण्यांऐवजी काचेतल्या पेशी, अलेक्सिस कॅरेल यांचे नेमके योगदान काय?

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे. त्याऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर चाचणी करता येते. हे शक्य झाले, कारण पेशी शरीराबाहेर जगवता येतात. हे तंत्र रुजवणाऱ्यांत फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल आघाडीवर होते. विरोधाभास असा, की त्यांनी स्वतः कुत्र्या-मांजरांवर भरपूर शस्त्रक्रिया केल्या.

भरतकाम ते नोबेल

कॅरेल यांचा जन्म १८७३ मध्ये लियों शहराजवळ झाला. १८९४ मध्ये याच शहरात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकण्यात आले. तुटलेली रक्तवाहिनी जोडणे तेव्हा कोणालाच जमत नव्हते. हे तरुण कॅरेल यांच्या मनाला लागले. बारीक सुई-दोऱ्याचे काम ते चक्क एका भरतकाम करणाऱ्या महिलेकडून शिकले. १९०६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते रक्तवाहिन्या जोडण्यासाठी आणि अवयव प्रत्यारोपणाच्या कामासाठी.

‘अमर’ हृदयाचे काय झाले?

१९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढवले होते. कॅरेल यांनी जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील हृदयाचा तुकडा काचेत ठेवला. या पेशी कोंबडीच्या आयुष्याहून कितीतरी जास्त, म्हणजे ३४ वर्षे वाढत राहिल्या. वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. पेशी अमर असतात, हा समज त्यामुळे दृढ झाला.

१९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो खोडला. सामान्य मानवी पेशी साधारण ५० वेळा विभागून थांबतात, असे त्यांना आढळले. मग कॅरेल यांच्या पेशी कशा टिकल्या? त्यांना खाद्य म्हणून घातलेल्या भ्रूणाच्या अर्कातून ताज्या पेशी आत जात असाव्यात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. कॅरेल यांचा दबदबा एवढा, की शंका घ्यायला बराच काळ कोणी धजावले नाही.

१९३५ च्या पुस्तकात त्यांनी वंशशुद्धीचा पुरस्कार केला. पुढे व्हिशी राजवटीने त्यांना संस्था उभारून दिली. हा डाग पुसण्यासारखा नाही. १९४४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

प्राणी खरेच सुटले का?

पूर्णपणे नाही. काचेतल्या पेशींना खाद्य लागतेच. अनेक प्रयोगशाळांत आजही त्यासाठी गायीच्या गर्भाच्या रक्तातील सीरम वापरतात. त्याला प्राणीविरहित पर्याय शोधण्याचे काम सुरू आहे.