इंदूरला आगगाडी आणणारे महाराज : तुकोजीराव होळकर (दुसरे)

पावसाळ्यात आईबाबांबरोबर पाताळपाणीचा धबधबा पाहायला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. २०१८ साली पाताळपाणी ते कालाकुंड अशी हेरिटेज गाडी सुरू झाली. काहींनी तिच्यात बसून बोगदेही मोजले असतील. घाटातली ती अरुंद मीटरगेज लाइन सुमारे दीडशे वर्षांची आहे. ती कोणी बांधली असे विचारले, तर सगळे एका सुरात सांगतील, इंग्रजांनी. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. रूळ इंग्रजांच्या इंजिनिअरांनी टाकले, पण पैसा इंदूरचा होता. तो देणारे होते महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे.

अहिल्यामातेचे चरित्र आपल्याकडे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असते. यशवंतराव होळकरांच्या पराक्रमाच्या गोष्टीही आपण ऐकतो. पण तलवार म्यान झाल्यावर हिशेबाची वही उघडून राज्य सांभाळणारे तुकोजीराव मात्र थोडे मागे पडतात. आपले शहर उद्योगाचे शहर कसे झाले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तुकोजीरावांचा जन्म १८३० च्या दशकातला. त्याआधी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य बरेच आक्रसले होते, आणि राजधानी महेश्वरहून इंदूरला आली होती. पुढे गादीला स्थैर्य लाभले नाही. १८४३ मध्ये हरिराव महाराज गेले आणि काही महिन्यांतच, १८४४ च्या आरंभी, त्यांचे वारस खंडेरावही गेले. तेव्हा यशवंतरावांच्या पत्नी कृष्णाबाई मासाहेब यांनी होळकर घराण्यातल्या भाऊ होळकरांचा धाकटा मुलगा पसंत केला. १८४४ च्या जूनमध्ये त्या मुलाला गादीवर बसवण्यात आले. तेच हे तुकोजीराव.

कोवळ्या वयाच्या राजाला शिकवण्यासाठी मुन्शी उमेदसिंग यांची नेमणूक झाली. रेसिडेंट सर रॉबर्ट हॅमिल्टन यांचेही लक्ष होते. १८४९ मध्ये मासाहेब निवर्तल्या आणि १८५२ मध्ये महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे आज ज्या वयात मुले बारावीचा निकाल हाती घेतात, साधारण त्याच वयात या मुलाच्या हाती एक राज्य आले.

पाचच वर्षांनी १८५७ उजाडले. १ जुलै रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सआदत खान यांच्यासह होळकरांचेच सैनिक त्यात होते. कर्नल ड्युरंड हा इंग्रज अधिकारी इंदूर सोडून निघून गेला. महाराजांची स्थिती फार अवघड झाली. आपली फौज उठलेली, राजवाड्यात आश्रयाला आलेली माणसे, आणि शेजारी महूची छावणी. त्यांनी आश्रयाला आलेल्यांना शिपायांच्या स्वाधीन केले नाही आणि ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. तरीही ड्युरंडचा संशय कधी गेला नाही. इतर काही संस्थानिकांना इनामात मुलूख मिळाला, होळकरांना मिळाला नाही. सआदत खान यांना पुढे १८७४ मध्ये फाशी देण्यात आली. आज इंदूर त्यांना हुतात्मा मानते. महाराजांच्या त्या वेळच्या वागण्याबद्दल आजही दोन मते आहेत, आणि ती असणारच. तलवारीच्या जोरावर आता काही मिळवता येणार नाही, हे मात्र तरुण महाराजांना कायमचे कळले असावे. यापुढे त्यांनी आपली सारी बुद्धी व्यापार, शेतसारा आणि खजिना यांत घातली.

त्या काळचा माळवा गरीब नव्हता. काळ्या कसदार जमिनीत कापूस आणि अफू ही दोन पिके जोमाने येत. माळव्याची अफू इंदूरच्या काट्यावर तोलली जाई, तिच्यावर इंग्रज सरकारचा कर बसे आणि ती मुंबईमार्गे चीनला जाई. हा व्यापार नीतीच्या दृष्टीने वाईटच होता, हे आज आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. पण त्यातून इंदूरच्या सराफ्यात मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, हेही खरे आहे. कापसाची गोष्ट निराळी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला आणि भाव चढले.

इथे महाराजांनी एक साधा प्रश्न विचारला असावा. कापूस आपल्या शेतातला. तो बैलगाडीने मुंबईला जातो, तिथून जहाजाने विलायतेला जातो, आणि त्याचेच कापड होऊन दुप्पट-तिप्पट भावाने आपल्याकडे परत येते. मग ते कापड इंदुरातच का विणू नये? १८६६ च्या सुमारास इंदुरात सरकारी गिरणी उभारण्याचे काम सुरू झाले आणि १८७० च्या दशकाच्या आरंभी ती चालू झाली. मध्य भारतातल्या वाफेवर चालणाऱ्या पहिल्या कापड गिरण्यांमध्ये तिची गणना होते. यंत्रे इंग्लंडहून आणली. त्या वेळी रेल्वे खंडव्यापर्यंतच आलेली होती. पुढे नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून ती अवजड यंत्रे सडकेनेच इंदूरला आणावी लागली. घाटातल्या वळणावर ते धूड कसे वर आणले असेल, याची कल्पना बालमित्रांनीच करावी!

गिरणी झाली, पण घाट तसाच होता. कोळसा, यंत्राचे सुटे भाग, कापसाच्या गाठी, तयार कापड, सगळे गाडीरस्त्याने न्यायचे तर खर्च फार आणि पावसाळ्यात रस्ता बंद. रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. आणि इथेच तुकोजीरावांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार येतो.

त्या काळी हिंदुस्थानातली बहुतेक रेल्वे इंग्लंडच्या खासगी कंपन्यांनी बांधलेली होती. भांडवल लंडनच्या बाजारातून येई. सरकारने त्या कंपन्यांना शेकडा ५ व्याजाची हमी दिलेली होती. गाडीला नफा होवो वा तोटा, ५ टक्के मिळणारच, आणि तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून काढायची. म्हणजे जोखीम आपल्या शेतकऱ्याची आणि व्याज लंडनच्या भागधारकाचे. परकी भांडवलावर दादाभाई नौरोजींसारखे विचारवंत टीका करत, त्यामागे अशा अनुभवांचाही वाटा होता.

तुकोजीरावांनी वेगळी वाट धरली. खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज शेकडा साडेचार आणि मुदत १०१ वर्षे. १८७० मध्ये ही गोष्ट पक्की झाली. विचार करा, ज्या सरकारपुढे सारे संस्थानिक मान लववत, ते सरकार होळकरांचे ऋणको झाले. दर वर्षी साडेचार लाख रुपये व्याज इंदूरच्या खजिन्याचे. लाइनचे नावही होळकर स्टेट रेल्वे असेच पडले.

काम सोपे नव्हते. घाटातला चढ काही ठिकाणी चाळीस फुटांना एक फूट इतका खडा. त्यामुळे आणि खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज पत्करावी लागली. खंडवा ते सनावद हा भाग १ डिसेंबर १८७४ रोजी सुरू झाला. नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ रोजी खुद्द महाराजांच्या हस्ते खुला झाला. चोरलच्या खोऱ्यातून घाट चढून १८७८ पर्यंत गाडी महू आणि इंदूरला जोडली गेली. हे पाहून ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही इंदूर-नीमच लाइनसाठी ७५ लाखांचे कर्ज दिले. दोन मराठी संस्थानांच्या पैशावर माळव्यात रेल्वे आली, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगावी अशी आहे.

पण अभिमानाबरोबर पूर्ण हिशेबही सांगितला पाहिजे. पैसा होळकरांचा असला तरी रेल्वे चालवण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. रुळांच्या पट्ट्यावर इंग्रजांचा अंमल आला. मार्ग ठरवताना महूच्या छावणीची सोयही पाहिली गेली. मीटरगेजमुळे मुंबईला जाणारा प्रत्येक डाग खंडव्याला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. हा खोळंबा इंदूरच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसला. भांडवल घालणे वेगळे आणि सूत्रे हाती असणे वेगळे, हा धडा आजही जुना झालेला नाही.

आणखी एक बाजू आहे. हा १ कोटीचा खजिना आकाशातून पडला नव्हता. १८६० च्या दशकात महाराजांनी जमिनीची मोजणी करवून सारा नव्याने ठरवला. वसुली कडक होती. सारा जड आहे अशी कुरकूर रयतेत होती, आणि राजापेक्षा सावकारच अधिक, अशी टीका महाराजांवर त्या काळीही होत असे. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. घाटातल्या प्रत्येक रुळाखाली माळव्याच्या शेतकऱ्याच्या घामाचा पैसा आहे, हे विसरून चालणार नाही.

माणसे पारखण्यात मात्र महाराज चोख होते. १८७३ मध्ये त्यांनी सर टी. माधवराव यांना दिवाण म्हणून इंदूरला आणले. माधवराव हे तंजावरकडचे मराठी. त्रावणकोरच्या दिवाणगिरीत त्यांनी मोठे नाव कमावले होते आणि इंदूरनंतर ते बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्यामागून त्यांचेच नातलग आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले. कावेरीकाठची मराठी माणसे खान नदीच्या काठी येऊन कारभार करतात, हे त्या काळच्या मराठी समाजाच्या विस्ताराचे सुंदर उदाहरण आहे.

१८८६ मध्ये होळकर संस्थानाचे पहिले टपाल तिकीट निघाले. अर्ध्या आण्याच्या त्या तिकिटावर महाराजांचे चित्र आहे. तिकिटे जमवणाऱ्या मुलांनी ते जरूर पाहावे. त्याच वर्षी १७ जून रोजी महेश्वर येथे महाराजांचे निधन झाले.

महाराज गेले, पण त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. सराफ्यात सोन्याची दुकाने शेजारी शेजारी का असतात? कारण गिऱ्हाईक तिथेच येते, कारागीर तिथेच मिळतो, भाव तिथेच कळतो. उद्योगांचेही तसेच आहे. रेल्वे आली, कोळसा आला, कापूस पिंजणारे व गाठी बांधणारे कारखाने आले, यंत्र दुरुस्त करणारे हात तयार झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनचा अफूचा व्यापार बंद झाला, तेव्हा पेढ्यांतला पैसा नव्या वाटा शोधू लागला. १९०९ च्या सुमारास मालवा मिल आणि १९१५ मध्ये सर सेठ हुकुमचंद यांची हुकुमचंद मिल सुरू झाली. मग स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा मिल्सची रांगच लागली. अशा शेजारी वाढलेल्या उद्योगांना आजचे अर्थशास्त्र क्लस्टर म्हणते.

मात्र एकाच धंद्यावर उभे असलेले शहर त्या धंद्याबरोबर आजारीही पडते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिथल्या कामगारांना आपल्या हक्काच्या पैशासाठी डिसेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे वाट पाहावी लागली. सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये तेव्हा मोकळे झाले. कित्येकांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी घेतले. आपल्या पालकांपैकी काहींच्या घरांतही मिलच्या भोंग्याच्या आठवणी असतील.

इंदूरच्या शेजारी, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला १९८० च्या दशकापासून वाहन उद्योगाचा नवा पुंज उभा राहिला. आयशरबरोबर आधी जपानची मित्सुबिशी आणि २००८ पासून स्वीडनची व्होल्वो आली. जपानच्याच ब्रिजस्टोनने १९९० च्या दशकात टायरचा कारखाना काढला. २०२१ मध्ये वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक सुरू झाला. आता परदेशी पाहुणा भांडवल घेऊन आपल्या दारी येतो. अशा वेळी तुकोजीरावांचा हिशेब आठवावा. पैसा कोणाचा, व्याज कोणाला, कौशल्य कोणाच्या हाती राहणार, आणि कारखाना उद्या बंद पडला तर कामगाराचे काय? हे चार प्रश्न विचारणारा समाज फसत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटी रुपयांच्या नव्या लाइनला मंजुरी दिली. मुंबईला जाण्याचा जवळचा मार्ग हे इंदूरचे जुनेच स्वप्न.

राजवाड्यापासून चालत थोड्या अंतरावर, खान नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. तिथे कृष्णाबाई मासाहेबांच्या शेजारीच तुकोजीरावांची छत्री आहे. रोज त्या रस्त्याने आपल्या शाळेच्या रिक्षा धावतात. एका रविवारी पालकांनी मुलांचे बोट धरून तिथे जावे, आणि पाताळपाणीच्या रुळांची ही गोष्ट त्या पायऱ्यांवर बसून त्यांना सांगावी.