रेव्हरंड टिळकांचा ‘देवाचा दरबार’

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांनी स्थापिलेली ख्रिस्तभक्तांची मंडळी मात्र विस्मृतीत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि स्वकीयांनी पाठ फिरविली. पत्नी लक्ष्मीबाईंशीही ताटातूट झाली. पुढे १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांना एक शल्य सतत बोचत असे. ख्रिस्ताकडे वळणाऱ्या मराठी माणसाला परक्या रीतिभातीही पत्कराव्या लागत. अभंग, भजन, कीर्तन उपासनेत रुजावे, यासाठी ते झटले. अखेर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान होते. उतारवयात हक्काच्या वेतनावर पाणी सोडून केलेले हे धाडस होते.

दरबाराला त्यांचा सहवास जेमतेम दोन वर्षे लाभला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दरबार ओसरला, टिळकांची पदे मात्र मराठी चर्चमधून आजही गायिली जातात.