मोटारीने माहेरी

गाडीवेडी मुलं एकत्र जमली, की त्यांची आपापसात कोडी सुरू होतात. कुठल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं, कुठली शर्यत कोणी जिंकली. त्यातलं एक कोडं हमखास असतं. जगातला पहिला पेट्रोल पंप कुठला? उत्तर असतं, जर्मनीतल्या वीसलोख गावातलं औषधांचं दुकान! दुसरं कोडं, मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात तुंबलेली इंधनाची नळी कशाने साफ केली? बाईच्या टोपीच्या पिनेने. आणि उघडी पडलेली विजेची तार कशाने गुंडाळली? मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधतात त्या पट्ट्याने.

उत्तरं ऐकून सगळे हसतात. पण मैत्रिणींनो, ती पिन आणि तो पट्टा जिचा, तिची खरी गोष्ट या कोड्यांत मावत नाही.

तिचं नाव बर्था, माहेरचं आडनाव रिंगर. जन्म ३ मे १८४९ चा, दक्षिण जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावचा. वडिलांचा सुतारकाम-बांधकामाचा धंदा, घर खाऊनपिऊन सुखी. असं सांगतात, की लहानपणी एकदा तिने घरातलं बायबल उघडलं. घरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात करायची तिकडे रीत. तिच्या जन्माच्या दिवशी वडिलांनी काय लिहिलं होतं? दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाचं काहीतरी. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतली ही नोंद आपल्यापैकी कितीजणींना ओळखीची वाटेल!

१८६९ साली एका सहलीत तिची ओळख कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी झाली. कार्लचे वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे. तो दोन वर्षांचा असतानाच ते गेले आणि आईने काबाडकष्ट करून त्याला शिकवलं. खिशात दमडी नाही, पण डोक्यात एकच ध्यास, घोड्यांशिवाय चालणारी गाडी. लोक हसत. बर्था हसली नाही.

१८७१ साली कार्लने मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर यंत्रशाळा काढली. भागीदार भरवशाचा निघेना. त्याचा हिस्सा विकत घेतला नाही तर सगळंच बुडणार, अशी वेळ आली. तेव्हा बर्थाने एक धाडस केलं. लग्नात मिळायची रक्कम तिने वडिलांकडून लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या पैशाने भागीदाराला बाजूला केलं. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं.

आता इथे जरा थांबा. आपल्याकडे मुलीच्या लग्नात दिलेला पैसा कुठे जातो, हे तिला कोण विचारतं? बर्थाने मात्र आपला पैसा कुठे घालायचा हे स्वतः ठरवलं. पण पुढे काय? त्या काळच्या कायद्यानुसार लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचे व्यवहार करता येत नसत. म्हणजे पैसा हिचा, जोखीम हिची आणि धंदा त्याच्या नावावर.

पुढची काही वर्षं फार ओढगस्तीची गेली. १८७३ आणि १८७४ मध्ये ऑयगेन आणि रिचर्ड हे मुलगे झाले, १८७७ मध्ये क्लारा झाली. त्याच वर्षी देणेकऱ्यांनी यंत्रशाळेतल्या सामानावर जप्ती आणली. घरात तीन लेकरं, दारात देणेकरी आणि नवरा इंजिनात डोकं खुपसून बसलेला! १८७९ च्या शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर बर्थाच म्हणाली, की चला, पुन्हा एकदा यंत्र चालवून बघू. दोघं यंत्रशाळेत गेली. इतके दिवस रुसलेलं ते इंजिन त्या रात्री सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बाहेर नव्या वर्षाच्या घंटा वाजत होत्या.

त्यातूनच पुढे तीन चाकांची मोटार तयार झाली. २९ जानेवारी १८८६ ही तिच्या पेटंटची तारीख. पाऊण हॉर्सपॉवरचं इंजिन, वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. पेटंटच्या कागदावर बर्थाचं नाव कुठेच नव्हतं.

मोटार झाली खरी, पण घेणार कोण? लोकांना त्या धडधडणाऱ्या गाडीची भीती वाटे. कार्लचा स्वभाव बुजरा. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू, असं करत तो घराच्या आसपासच चाचण्या घेत राहिला. ज्या पेटीत आपला पैसा आहे ती बंदच राहणार की काय, असं बर्थाला वाटलं असेल तर नवल नाही.

ऑगस्ट १८८८. मुलांना शाळेची सुट्टी होती. एका पहाटे, कार्ल झोपेत असतानाच, बर्थाने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना बरोबर घेतलं आणि मोटार बाहेर काढली. माहेरी आईला भेटायला जातोय, एवढी चिठ्ठी नवऱ्यासाठी ठेवली. माहेर होतं शंभर किलोमीटरहूनही थोडं लांब. इतक्या अंतरावर तोवर जगात कोणीही मोटारीने गेलं नव्हतं.

रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. पाट्या नाहीत, पंप नाहीत, गॅरेज नाही. गाडीला वेगळी टाकी नव्हती, कार्बोरेटरमध्ये मावेल तेवढंच इंधन, म्हणजे साधारण साडेचार लिटर. ते संपत आलं तेव्हा वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रॉइन विकत घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचं ते द्रव होतं. दुकानदाराला वाटलं असेल, या बाईच्या कपड्यांवर केवढे डाग पडलेत! इंजिन गार ठेवायला पाणी लागे, ते जिथे मिळेल तिथे, ओढ्यातून, डबक्यातून भरायचं. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन कामी आली, तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा पट्टा. ओढून ओढून सैल झालेली साखळी ब्रुखझालच्या लोहाराने दुरुस्त केली. चढ आला, की मायलेकरांनी उतरून गाडी ढकलायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजायचे. तेव्हा बर्थाने एका मोच्याकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. आज ज्याला आपण ब्रेक लायनिंग म्हणतो, त्याची सुरुवात इथली मानतात.

अंधार पडता पडता ती तिघं फोर्त्सहाइमला पोहोचली. धुळीने माखलेली, दमलेली. बर्थाने नवऱ्याला तार केली, सुखरूप पोहोचलो. काही दिवसांनी त्याच मोटारीने ती परतही आली.

येताना तिने गप्पांबरोबर कामाची यादीही आणली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. कार्लने तिचं ऐकलं, तशा सुधारणा केल्या. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात मोटारीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं. १८९९ साली बेंझच्या कारखान्यातून ५७२ गाड्या बाहेर पडल्या. त्या वेळी एवढ्या मोटारी जगात दुसरं कोणी बनवत नव्हतं.

पुढे कार्ल त्या कंपनीच्या कारभारातून बाहेर पडला आणि कुटुंब लाडेनबुर्गला राहायला गेलं. १९२५ साली लिहिलेल्या आठवणींत त्याने बायकोचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. १९२९ मध्ये तो गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानाचं सदस्यत्व दिलं. दोनच दिवसांनी, ५ मे ला, तिने डोळे मिटले.

आता गाडीवेड्यांचं आणखी एक कोडं सांगते. मर्सिडीज-बेंझ या नावातली मर्सिडीज कोण? ती एका व्यापाऱ्याची मुलगी. वडील डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचे. १८९९ साली फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतीत त्यांनी लेकीचंच नाव लावून भाग घेतला. पुढे ते नाव गाडीला मिळालं. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या कंपन्या एक झाल्या आणि दोन्ही नावं जोडली गेली. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या गाड्यांवरही हेच नाव असतं. म्हणजे गाडीच्या नावात एक लेक आहे, बर्थाच्या सासरचं आडनाव आहे, पण बर्था नाही.

मान मिळाला, पण फार उशिरा. तिने प्रवास केला त्या वाटेला २००८ साली अधिकृतपणे तिचं नाव मिळालं. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या यादीत कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं आणि बर्थाचं २०१६ मध्ये. बत्तीस वर्षांनी!

टोपीच्या पिनेची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण ती गमतीची आहे. लग्नाआधी मागून घेतलेल्या पैशाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पण तो पैसा नसता तर यंत्रशाळा नसती, आणि यंत्रशाळा नसती तर पिन लागली असती कशाला?

आपल्या ओळखीच्या कितीतरी जणींनी पाटल्या मोडून नवऱ्याला दुकान थाटून दिलंय, शेतात विहीर पाडायला मंगळसूत्र गहाण ठेवलंय. त्या दुकानाच्या परवान्यावर, त्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे का? बर्थाच्या काळात कायद्याने तिचा हात धरला होता. आपला हात आज कायद्याने धरलेला नाही. तेव्हा आज संध्याकाळी घरातले कागद एकदा काढा आणि सावकाश वाचा. आपलं नाव कुठे आहे ते बघा.