डॉ. भाऊ दाजी लाड : हिशेब मागणारा वैद्य

आमच्या कोरगावाहून मांद्रे काही फार लांब नाही. लग्नकार्याच्या निमित्ताने मी लहानपणी कितीतरी वेळा तेथे गेलो आहे. पण ज्यांच्या नावाने मुंबईतील एक मोठे संग्रहालय ओळखले जाते ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे त्याच गावचे, ही गोष्ट मला बेळगावास कॉलेजात आल्यावर कळली, तीही ग्रंथालयात दुसरेच पुस्तक शोधत असताना. आपल्या पेडणे महालातील थोर पुरुषाची ओळख परगावी व्हावी याची लाज वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

भाऊंचे खरे नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा. १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पेडणे पोर्तुगीजांकडे गेले होते. तेव्हा भाऊ जन्मले ते परक्या अमलातच. घरची गरिबी. वडील कुटुंब घेऊन मुंबईस गेले आणि मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवू लागले. मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज. त्याचा खेळ पाहून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिकवावे असे वडिलांना सुचविले, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत भाऊंचे शिक्षण झाले व तेथेच ते शिक्षक झाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडण्याआधीच त्यांनी कच्छ-काठेवाडातील बालहत्येवर एक निबंध लिहून बक्षीस मिळविले होते. हा विषय मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. तेथील जाडेजा रजपुतांत नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा जीव घेण्याची चाल होती. १८०८ च्या सुमारास कर्नल वॉकर यांनी तेथील संस्थानिकांकडून ही चाल सोडल्याचे करारनामे लिहून घेतले. कागद झाला आणि सरकारला वाटले की काम झाले. पण पुढे १८३४ च्या सुमारास विलोबी नावाच्या अधिकाऱ्याने जाडेजांच्या घरांतील मुलगे आणि मुली मोजविल्या, तेव्हा मुली अगदीच थोड्या निघाल्या. कराराने काय साधले ते करार वाचून कळले नाही, मुली मोजल्यावर कळले. तरुण वयातच असा विषय हाताळलेल्या माणसाला सरकारी कागद आणि प्रत्यक्ष परिणाम यांतील अंतर चांगले उमगले असले पाहिजे, असे मला वाटते.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले. १८५१ साली तेथून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले त्यांत भाऊ होते. थोड्याच काळात त्यांचा जम बसला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, आणि दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले व त्यात आशा वाटावी असा गुण आला. आपल्याकडे गोव्यात त्याला खष्टेल म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास नवी औषधे येईपर्यंत याच जातीच्या तेलांवर जगभर महारोग्यांची भिस्त होती.

एवढ्यावर थांबले असते तरी भाऊंचे नाव राहिले असते. पण एकेक रोगी बरा करून भागत नाही. ज्यांच्या हाती कराचा पैसा आहे त्यांना तो कोठे गेला हे विचारावे लागते, हे त्यांनी ओळखले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जगन्नाथ शंकरशेट तिचे अध्वर्यू, आणि चिटणिसांपैकी एक भाऊ दाजी. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती. ही वेळ साधून असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. गलेलठ्ठ पगाराच्या युरोपियन जागांवर अमाप खर्च होतो, मोठ्या जागा येथल्या लोकांना मिळत नाहीत, कायदेमंडळात त्यांना स्थान नाही, असे त्यात स्पष्ट मांडले होते. आपल्या कानडी मित्रांनीही हे लक्षात घ्यावे, कारण बेळगाव-धारवाड त्याच मुंबई इलाख्यात होते.

लगेच काय मिळाले? फार थोडे. १८५३ च्या कायद्याने सनदी नोकरीसाठी चढाओढीची परीक्षा आली, पण ती विलायतेत. कायदेमंडळाची दारे किंचित उघडली ती १८६१ च्या कायद्याने. मात्र रयतेनेही राज्यकर्त्यांकडे हिशेब मागावा, ही रीत तेव्हापासून पडली.

सत्य सांगताना भाऊ कोणाची भीड ठेवीत नसत. १८६२ च्या गाजलेल्या महाराज बदनामी खटल्यात पत्रकार करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. समोर एक बलाढ्य धर्मगुरू होता. भल्याभल्यांनी तोंड लपविले असते.

ते सर्वगुणसंपन्न होते असे नाही. १८६५ साली शेअरबाजार कोसळला, त्यात इतरांसारखे तेही बुडाले. तरी अजिंठ्याच्या कोरीव लेखांचे वाचन, मुलींच्या शाळा, संग्रहालय, ही कामे त्यांनी सोडली नाहीत. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. मे १८७४ मध्ये त्यांचा अंत झाला. भायखळ्याचे ते संग्रहालय १८७२ साली लोकांना खुले झाले होते. १९७५ साली त्याला भाऊंचे नाव देण्यात आले.

आता माझी एक गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरील एका म्हातारीला रात्री धाप लागली. आम्ही तिला जवळच्या एका सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर नव्हते. टेबलावर हजेरीची वही होती आणि तीत त्या रात्रीची सही झालेली होती. म्हातारीला पुढे नेईपर्यंत तास गेला. ती वाचली, पण त्या वहीचा मला विसर पडला नाही. आम्ही सगळे हळहळलो, चिडलो आणि गप्प बसलो.

भाऊंचे चरित्र वाचल्यावर ते गप्प बसणे मला बोचू लागले. त्यांच्या वेळी हिशेब मागण्यासाठी सातासमुद्रापार अर्ज धाडावा लागे. आपल्या गोव्याने १९९७ सालीच माहितीच्या हक्काचा कायदा केला आणि २००५ साली तो हक्क देशपातळीवर मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत मी साध्या कागदावर तीन प्रश्न लिहून दिले : वर्षभरात रात्रपाळीला डॉक्टर किती रात्री हजर होते, रात्री किती रोगी आले, आणि त्यांतले किती उपचाराविना पुढे पाठविले गेले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले. उरलेल्या दोन बाबींची नोंद ठेवली जात नाही, असे कळविण्यात आले.

म्हणजे सह्या मोजल्या जातात, माणसे मोजली जात नाहीत. ती नोंद ठेवावी म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला आहे, आणि या वेळी त्यावर वाड्यावरच्या एकतीस जणांच्या सह्या आहेत. पहिली सही त्या म्हातारीची आहे.