लायनस पॉलिंग

लायनस पॉलिंग यांचा जन्म अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं १९०१ सालीं झाला. वडील लौकर वारले. तरी कष्ट करून ते शिकले. रसायनशास्त्राचें (१९५४) व शांततेचें (१९६२) अशीं दोन नोबेल पारितोषिकें त्यांस मिळालीं.

पुढें १९७६ सालीं स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य कॅमेरॉन यांच्यासह त्यांनीं प्रतिपादिलें कीं, रोज १० ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिल्यास असाध्य कर्करोगी अधिक काळ जगतात. परंतु ही तुलना इतर रोग्यांच्या जुन्या नोंदींशीं केलेली होती. मेयो क्लिनिकनें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें रोग्यांचे दोन गट पाडून तोंडावाटे तेंच औषध देऊन पाहिलें. १९७९ व १९८५ सालच्या निष्कर्षांत कांहींच लाभ आढळला नाहीं. पॉलिंग यांनीं मरेपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, आपलें मत सोडलें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, थोरांचा आदर अवश्य करावा. परंतु रोग्याच्या जिवाचा प्रश्न असतां नांवापेक्षां परीक्षेचा निर्णयच प्रमाण मानावा.