ओझोन वायूचे मापाडी : गॉर्डन डॉब्सन

आपल्या मस्तकावर कित्येक मैल उंचीवर ओझोन नांवाच्या वायूचें विरळ आवरण आहे. तो सर्व वायु भूपृष्ठावर आणून पसरला, तर त्याचा थर अवघा 3 मिलिमीटर जाडीचा भरेल. पण सूर्याच्या घातक जंबुपार किरणांपासून प्राणिमात्राचें रक्षण तोच करतो. हें आवरण ऋतूंबरोबर कसें बदलतें, याचा हिशेब ज्यांनीं जन्मभर ठेवला, त्या गॉर्डन डॉब्सन यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखें आहे.

डॉब्सन यांचा जन्म 1889 सालीं इंग्लंडांत झाला. केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर पुढें ते ऑक्सफर्ड विद्यापीठांत हवामानशास्त्र शिकवूं लागले. उल्कांच्या अभ्यासावरून त्यांनीं व लिंडेमन यांनीं असें अनुमान काढलें कीं, फार उंचावरची हवा समजुतीपेक्षां पुष्कळ उष्ण असली पाहिजे. ती उष्णता ओझोनमुळें येत असावी, असें वाटून डॉब्सन या वायूच्या शोधास लागले. ओझोन विशिष्ट किरण शोषून घेतो. तेव्हां ते किरण खालीं येईपर्यंत किती क्षीण झाले हें पाहिलें, कीं वायूचें प्रमाण काढतां येतें. या तत्त्वावर त्यांनीं 1924 सालीं आपलें पहिलें यंत्र तयार केलें.

पुढें अशीं यंत्रें यूरोपांत ठिकठिकाणीं व नंतर दूरदेशीं गेलीं. 1928 च्या सुमारास आपल्या कोडाईकनाल येथेंहि एक आलें. या मापनांवरून कळून आलें कीं, ओझोन समशीतोष्ण प्रदेशांत वसंतऋतूंत सर्वांत अधिक व शरदांत सर्वांत कमी असतो. विषुववृत्ताजवळ तो कमीच असून वर्षभर फारसा बदलत नाहीं.

1956 सालीं दक्षिण ध्रुवाकडील हॅली बे येथून आलेले आंकडे मात्र चमत्कारिक होते. तेथील वसंतांत ओझोन अपेक्षेहून पुष्कळ कमी भरला, आणि नोव्हेंबरांत एकाएकीं वाढला. निरीक्षकाची चूक झाली असावी, असेंच प्रथम वाटलें. परंतु पुढील वर्षीं तोच क्रम दिसला, तेव्हां ती चूक नसून तेथील सृष्टिक्रमच तसा आहे, अशी खात्री पटली.

1976 सालीं डॉब्सन निवर्तले. त्यानंतर 1985 सालीं, त्याच ठाण्यावर त्यांच्याच पद्धतीच्या यंत्रांनीं ठेवलेल्या नोंदी पाहून, फार्मन, गार्डिनर व शँक्लिन या शास्त्रज्ञांनीं जगास सावध केलें. ऑक्टोबरांत जो थर पूर्वीं सुमारें 3 मिलिमीटर भरे, तो आतां 2 मिलिमीटरांहूनहि कमी भरत होता! शीतयंत्रांत वगैरे वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम वायूंतील क्लोरीनचा हा परिणाम होता. 1987 सालीं मॉन्ट्रियल येथें राष्ट्रांचा करार होऊन त्या वायूंचें उत्पादन क्रमाक्रमानें बंद करण्यांत आलें, व तें आवरण आतां सावकाश भरून येत आहे.

पूर्वींच्या नोंदीच नसत्या, तर हा ऱ्हास कोणास कसा ओळखतां आला असता? आज ओझोन मोजण्याच्या एककास डॉब्सन यांचेंच नांव आहे. बालमित्रांनो, नित्याची नोंद कंटाळवाणी वाटली तरी ती चोख ठेवावी. तिचें खरें मोल पुष्कळदां पुढच्या पिढीस कळतें.